शब्दांकन : दुसऱ्याचे आयुष्य लिहून देण्याची रीत

वडिलांचा अमृतमहोत्सव किंवा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा वर्षभरावर आला की घरातले कोणीतरी म्हणते, ‘अण्णांचे अनुभव पुस्तकरूपाने यायला हवेत.’ अण्णा निवृत्त मुख्याध्यापक असतील, सहकारी साखर कारखान्याचे माजी संचालक असतील किंवा तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दवाखाना चालवलेले डॉक्टर असतील. सांगण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ असते, परंतु सलग पावणेदोनशे पाने लिहिण्याची सवय नसते. तेथून आपले काम सुरू होते. ‘घोस्ट रायटर’ हा शब्द आता आपल्याकडे रुळला असला, तरी मराठी प्रकाशनव्यवहारात या कामाला ‘शब्दांकन’ असे साधे नाव आहे, आणि मला तेच अधिक नेमके वाटते, कारण आयुष्य दुसऱ्याचे आणि शब्द मांडण्याचे कष्ट आपले, ही वाटणी त्या नावातच झालेली आहे. स्वतंत्रपणे लिहून देणारा लेखक भाषणे, दिवाळी अंकांतील लेख, सदरे, संस्थांच्या स्मरणिका अशी इतर कामेही करतो. पण येथे मी आत्मकथनाबद्दलच लिहिणार आहे, कारण ते जमले तर बाकीची कामे फारशी अवघड जात नाहीत. विद्यापीठाचा प्रबंध लिहून द्यावा का, असे नवे लेखक अधूनमधून विचारतात. देऊ नये, ते शब्दांकन नव्हे, ती फसवणूक आहे.

होकार देण्यापूर्वी

काम सांगायला बहुधा मुलगा किंवा मुलगी येते. पैसे तेच देणार असतात आणि आठवणी वडिलांच्या असतात, म्हणजे एका कामाचे दोन धनी होतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच असते. म्हणून पहिली बैठक मुलांशी न करता ज्यांचे पुस्तक व्हायचे त्यांच्याशी करावी. त्यांना मी निवेदक म्हणेन. पुस्तक त्यांना स्वतःला हवे आहे की मुलांच्या आग्रहाखातर ते बसले आहेत, हे तासाभरात कळते. त्या तासात एकच काम करावे : ‘पहिली नोकरी लागली त्या दिवसाबद्दल सांगा,’ असे म्हणून गप्प बसावे. निवेदक त्या दिवसाबद्दल बोलू लागले, कोणती बस पकडली, कोणाचा सदरा मागून घातला, हे सांगू लागले, तर पुस्तक होईल. दर वेळी पदे, सत्कार आणि संस्थांची नावेच पुढे येत राहिली, तर काम अशक्य नसते, पण त्याला दीडपट वेळ लागेल हे धरूनच आकडा सांगावा.

वेळेचा हिशेब मी असा मांडतो. सुमारे पन्नास हजार शब्दांचे पुस्तक डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात १७६ पानांच्या आसपास जाते, म्हणजे सोळा पानांचे ११ फॉर्म. त्यासाठी साधारण २५ तासांचे ध्वनिमुद्रण लागते. सावकाश बोलणाऱ्या माणसाचे तासाला सहा हजार शब्द धरले तरी दीड लाख शब्द हाती येतात आणि त्यांतले दोन तृतीयांश गाळावे लागतात. एक तासाचे बोलणे ऐकून उतरवायला पाच तास जातात, म्हणजे केवळ उतरवण्याचे १२५ तास झाले. फोनवर आपोआप अक्षरे उमटवणाऱ्या सोयी आता मराठीतही आहेत, परंतु निवेदक बोलीत शिरले की त्या काहीबाही लिहितात, आणि ते दुरुस्त करण्यात वाचलेला वेळ परत जातो. लेखन, पडताळणी, प्रवास आणि दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या धरून साडेतीनशे तासांचा अंदाज निघतो. रोज पाच तास काम केले तर हे सत्तर दिवस झाले, आणि वृद्ध माणसाच्या प्रकृतीप्रमाणे बैठका पुढे ढकलल्या जातात हे धरले तर सहा महिने. सोहळा तीन महिन्यांवर असेल तर ६४ पानांची पुस्तिका सुचवावी किंवा सरळ नाही म्हणावे.

मानधन शब्दांवर न ठरवता या तासांवर ठरवावे, कारण शब्दांवर ठरवले की गाळण्याच्या कामाचे, म्हणजे खऱ्या कामाचे, पैसेच मिळत नाहीत. चार हप्ते सोयीचे पडतात : करार होताना, मुलाखती संपल्यावर, पहिला खर्डा दिल्यावर आणि अंतिम हस्तलिखित दिल्यावर. ‘प्रकाशनाच्या दिवशी सगळे एकदम देऊ’ ही सूचना कितीही आपुलकीने आली तरी मान्य करू नये. प्रकाशन सभागृहाच्या तारखेवर आणि पाहुण्यांच्या सवडीवर अवलंबून असते, आणि त्यांवर आपला काहीच ताबा नसतो. मानधन कंपनीच्या खात्यातून येणार असेल तर त्यातून बहुधा दहा टक्के टीडीएस कापला जातो. त्याचे प्रमाणपत्र मागून ठेवावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे तोवर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

कागदावर काय हवे

ओळखीतून आलेल्या कामात करार मागायला संकोच वाटतो. मलाही सुरुवातीला वाटला. दुसऱ्याच कामात पहिला खर्डा तीन भावंडांनी तीन रंगांच्या पेनांनी दुरुस्त करून परत पाठवला. एकाने खोडलेला मजकूर दुसऱ्याने अधोरेखित केला होता, आणि अंतिम शब्द कोणाचा हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे ते काम चौदा महिने चालले. तेव्हापासून दुरुस्त्या कोणा एकाने एकत्र करून द्यायच्या, त्या दोनच वेळा, आणि त्या व्यक्तीचे नाव करारात, हे कलम मी सर्वांत वर घालतो. त्याच्याच खाली आणखी एक कलम असावे, जे उच्चारायला जड जाते : काम चालू असताना निवेदकांचे निधन झाले तर पुढचा निर्णय कोणी घ्यायचा आणि तोपर्यंतच्या कामाचे मानधन कसे द्यायचे. निवेदक ऐंशीच्या पुढचे असतात. त्यांना स्वतःला या कलमाचे बहुधा वाईट वाटत नाही, मुलांना वाटते.

स्वामित्वहक्काबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज असतात. ‘पैसे आम्ही दिले, म्हणजे हक्क आमचा,’ असे कुटुंब धरून चालते. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळे काही ठरलेले नसेल तर, मालकाकडे जातो हे खरे. पण स्वतंत्रपणे काम करणारा लेखक नोकर नसतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतर पाच वर्षांचे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच मानले जाते. निवेदकांचे पुस्तक त्यांच्या कुटुंबाकडे कायम राहावे हे मला रास्त वाटते, म्हणून मी पूर्ण मुदतीसाठी आणि सर्व देशांसाठी हक्क देतो. मात्र शेवटचा हप्ता मिळाल्यावर ते हस्तांतर लागू होईल, असे लिहून घेतो.

राहिले नाव. मराठीत त्याच्या तीन पायऱ्या आहेत : मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून नाव, निवेदकांच्या मनोगतात आभाराची एक ओळ, किंवा कोठेच काही नाही. तिसऱ्या पायरीचे मानधन पहिलीपेक्षा जास्त असावे, कारण ते पुस्तक पुढच्या कामासाठी कोणाला दाखवता येत नाही. नाव मागण्यात उद्धटपणा वाटणाऱ्यांनी ज्ञानेश्वरीचा शेवट आठवावा. टीका शके १२१२ मध्ये झाली हे सांगणाऱ्या ओवीतच सच्चिदानंदबाबा आदराने ‘लेखकु’ झाले, असे म्हटले आहे. लेखक म्हणजे तेथे लिहून घेणारा. कर्त्याचे नाव त्याच ओवीत वेगळे आहे, आणि दोघांच्या नावांनी एकमेकांना काही उणे आलेले नाही.

ऐकण्याचे काम

पहिल्या बैठकीतच निवेदकांना काय म्हणायचे ते विचारून घ्यावे. ‘सर’ म्हटले की माणूस कार्यालयातले बोलतो, ‘आबा’ म्हटले की घरातले. पण नाते न जुळता ‘आबा’ म्हणणेही खोटे वाटते, म्हणून घरचे लोक ज्या हाकेने पाहुण्यासमोर त्यांचा उल्लेख करतात ती हाक हळूहळू उचलावी. बैठक सकाळची असावी आणि दीड तासाच्या पुढे जाऊ नये. ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करावे आणि त्याच दिवशी त्याची प्रत काढावी.

जन्मापासून सुरुवात करू नये. ‘माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ हे वाक्य निवेदकांच्या मनात तयारच असते, आणि ते एकदा बाहेर पडले की त्यामागून तशीच तयार वाक्ये येत राहतात. त्याऐवजी एखादी वस्तू पुढे ठेवायला सांगावी : जुनी ट्रंक, लग्नातला फोटो, पहिल्या पगाराची नोंद असलेली डायरी, शाळा सोडल्याचा दाखला. वस्तू हातात आली की माणूस मत मांडायचे सोडून सांगू लागतो. प्रश्नही तसेच असावेत. ‘तो काळ कसा होता?’ या प्रश्नाला ‘फार कष्टाचा’ एवढेच उत्तर मिळते. ‘त्या रात्री घरी काय शिजले होते?’ या प्रश्नाला एकदा मला सात मिनिटांचे उत्तर मिळाले आणि त्यातून एक सबंध प्रकरण निघाले.

तीच गोष्ट पुन्हा सांगितली जात असेल तर थांबवू नये. तिसऱ्यांदा सांगताना एखादा माणूस गळतो किंवा एखादे वाक्य नवे येते, आणि काय गळले हे ध्यानात ठेवणे आपले काम असते. स्वयंपाकघरातून ‘तसं नव्हतं ते’ असा आवाज आला, तर त्या आवाजाची वेगळी बैठक मागून घ्यावी. निवेदकांच्या पत्नीला घराच्या कर्जाचा आकडा, भांडणाचे कारण आणि पाहुण्यांची नावे बहुधा अधिक पक्की आठवतात. मात्र ती बैठक निवेदकांच्या संमतीनेच घ्यावी, आणि त्यातून आलेले काही पुस्तकात घालायचे तर ते निवेदकांच्या तोंडी सहज शोभेल का, हेही पाहावे.

आठवण आणि सन

स्मरणातला प्रसंग खरा असला तरी त्याचा सन चुकलेला असू शकतो. सन विचारण्याऐवजी खुणा विचाराव्यात. पुण्याच्या माणसाला पानशेतचा पूर, म्हणजे १२ जुलै १९६१, विसरता येत नाही. सातारा-कोयना भागात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. मराठवाड्यात ७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. ‘मोठा मुलगा तेव्हा चालत होता का?’ असे या खुणांना जोडून विचारले की सन आपोआप जागेवर येतो.

काही चुका कागदपत्रांशिवायही पकडता येतात. १९५५ मध्ये दहा पैशांचा चहा कोणी प्यायलेला नाही, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधीचा हिशेब आणे-पैचा. १९७० मधली बदली ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यात’ झालेली नसते, ती रत्नागिरी जिल्ह्यातली असते, कारण सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला. लातूरचेही तसेच, तो १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, त्यामुळे मुंबईच्या घरात ६८ साली पाहिलेला कार्यक्रम टीव्हीवरचा नसून रेडिओवर ऐकलेला असणार. जन्मतारीख १ जून असेल तर हसून विचारावे, की ही आईने सांगितलेली की गुरुजींनी लावलेली? शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की १ जून लिहिण्याची रीत होती, आणि खरा जन्म कोणत्या सुगीत किंवा कोणत्या जत्रेच्या आसपास झाला, हे घरातल्या एखाद्या आत्याला ठाऊक असते. पुस्तकात दोन्ही द्यावेत. दाखल्यावरची तारीख आणि आत्याची सुगी.

एकाच प्रसंगाच्या दोन हकिगती मिळाल्या तर घाईने एक फेकू नये. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांना भेटून गोळा केल्या आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. आपल्या भाषेतले गद्य चरित्रलेखन सुरू झाले तेच विचारण्या-तपासण्यापासून. मी प्रत्येक प्रकरणासाठी एक वही ठेवतो : डावीकडे निवेदकांचे म्हणणे, उजवीकडे पुरावा किंवा दुसऱ्याचे म्हणणे. उजवी बाजू कोरी राहिली तर मजकुरात ‘मला आठवते त्याप्रमाणे’ असे घालतो. एवढ्याने काम भागते.

भाषा कोणाची

या कामात लेखकाची कसोटी भाषेत लागते, आणि चांगला लिहिणारा माणूसच येथे जास्त चुकतो. उतरवलेला मजकूर समोर असतो, त्यात वाक्ये अर्धवट असतात, आणि आपण ती नीट करायला बसतो. नीट करता करता निवेदक पुण्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांसारखे बोलू लागतात. मजकूर शुद्ध होतो, आणि ज्यांचे पुस्तक ते त्यातून निघून जातात.

लिहायला बसण्यापूर्वी ध्वनिमुद्रणातून निवेदकांची एक शब्दवही करावी. त्यात त्यांची आवडती क्रियापदे, रागाचे शब्द, विनोद करण्याची पद्धत, म्हणी, ते वाक्य कोठे तोडतात आणि ‘म्हणजे’, ‘आता बघा’, ‘तर सांगायचं काय’ यांपैकी कशावर श्वास घेतात, हे लिहावे. नागपूरकडचे निवेदक ‘मी वाट पाहून राहिलो होतो’ म्हणतात, त्याचे ‘मी वाट पाहत होतो’ करण्याआधी दोनदा विचार करावा. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असे बोलतात. अशा बाईंच्या आत्मकथनात ‘मी जाते’ लिहिले तर व्याकरण सुखावते, पण त्यांच्या मुलीला ती आपली आई वाटत नाही. ‘मी जातो’ लिहिले तर बाहेरचा वाचक पहिल्या पानावर अडखळतो. मी संवादांत बोली तशीच ठेवली, निवेदनात प्रमाण रूप घेतले आणि मनोगतात त्याचे कारण दोन ओळींत दिले. दुसऱ्या कोणाला सबंध पुस्तक बोलीत करावेसे वाटेल. तेही योग्यच, फक्त मधेच बदलू नये.

‘केलं’ लिहावे की ‘केले’, यावरून प्रुफे तपासणाऱ्यांशी वाद होतो. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी एरवी ‘केले’ हे रूप सांगितले असले, तरी एखाद्याच्या बोलण्याचे चित्रण करताना उच्चारानुसार लिहिण्याची मोकळीक दिली आहे, आणि आत्मकथन हे आरंभापासून शेवटपर्यंत कोणाचे तरी बोलणेच असते, असे माझे मत आहे. म्हणून मी तेथे ‘केलं’ लिहितो, हा लेख मात्र ‘केले’ने लिहितो.

‘शून्यातून विश्व’, ‘काळाच्या पडद्याआड’, ‘खारीचा वाटा’ असे शब्द खर्ड्यात दिसले तर ते निवेदकांनी खरोखर उच्चारले होते का, हे ध्वनिमुद्रणात शोधावे. बहुधा ते आपलेच असतात. खोडावेत.

पहिली दोन प्रकरणे तयार झाली की ती छापून पाठवू नयेत. समोर बसून मोठ्याने वाचून दाखवावीत. निवेदकांनी ऐकून ‘वा, छान लिहिलंय तुम्ही’ असे म्हटले तर मी ती प्रकरणे पुन्हा लिहितो, कारण त्यांना त्यात मी दिसलो. वाचन मधेच तोडून ‘हां, आणि मग काय झालं…’ असे ते पुढे सांगू लागले, तर आवाज बरोबर लागला आहे.

घरच्यांचे वाचन

खर्डा घरात गेला की जमिनीची वाटणी, पहिले लग्न, जातीवरून झालेले अपमान, भावाने न फेडलेले कर्ज यांवर बोटे पडतात. काय ठेवायचे हा निर्णय निवेदकांचा. परिणाम समजावून सांगणे हे आपले काम. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे अब्रुनुकसानी गुन्हा आहे, आणि ‘हे खरे आहे’ एवढा बचाव तेथे पुरत नाही. ते सांगण्यात लोकहितही असावे लागते. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही, तिच्या जवळच्यांना दुखावण्याच्या हेतूने लिहिला असेल तर, त्यात येऊ शकतो. बहुतेक वेळा नाव काढून ‘एक नातेवाईक’ केल्याने भागते, मात्र गावात एकच सरपंच असतो हे विसरू नये. पद ठेवले की नाव काढून उपयोग नसतो. एखादा प्रसंग निवेदकांना सांगायचा आहे आणि मुलांना नको आहे, अशा वेळी मी त्या सर्वांना एकत्र बसवतो आणि स्वतः चहा घेत गप्प राहतो.

हस्तलिखित देताना

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर तसाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, लिहावा आणि द्यावा. अक्षरजुळणी करणारे अजूनही पुष्कळदा तो श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलून घेतात, आणि त्या बदलात ‘दुसऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ बिघडतो, कोठे रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. म्हणून बदल झाल्यानंतरचे एक प्रुफ स्वतः पाहण्याची अट ठेवावी. कुटुंब स्वतःच पुस्तक काढणार असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो हे त्यांना सांगावे; त्यासाठी वेगळे पैसे मागणारे लोक भेटतात.

घेतलेले फोटो, दाखले आणि पत्रे पहिल्या दिवशी केलेल्या यादीप्रमाणे मोजून परत करावीत आणि सहीची पोच घ्यावी. ध्वनिमुद्रणाची एक प्रत कुटुंबाला द्यावी, मात्र पत्नीच्या बैठकीसारख्या वेगळ्या बैठका ज्यांच्या त्यांच्याच हाती द्याव्यात. करारात ठरलेल्या मुदतीनंतर आपल्याकडची प्रत पुसून टाकावी आणि तसे लेखी कळवावे. प्रकाशनाचे आमंत्रण आले तर नाव नसतानाही जायला हरकत नाही. मागच्या रांगेत बसावे, आणि शेजारच्याने ‘आपण कोण?’ असे विचारलेच तर ‘घरच्यांच्या परिचयातला’ म्हणून सांगावे.